घर, पेढी आणि यंत्र : स्लाइड-शो टीव्हीवर नेताना

कार्तिकी पौर्णिमेस चातुर्मास पूर्ण होतो आणि शत्रुंजय गिरिराजाची यात्रा पुन्हा खुली होते. ज्यांना त्या दिवशी पालिताण्यास जाणे शक्य नसते, ते श्रावक-श्राविका आपल्या गावीच, मोठ्या कापडावर रंगविलेल्या शत्रुंजय पटासमोर उभे राहून भावयात्रा करतात. पटावर तळेटी असते, वळणावळणाने वर जाणारी वाट असते, रामपोळ असते, टुंका असतात, रायण वृक्ष असतो. पटाजवळ बहुधा कोणीतरी जाणते माणूस उभे असते. ते बोट दाखवून सांगत जाते आणि पाहणारा आपल्या नजरेच्या गतीने वर चढत जातो. साडेतीन हजारांहून अधिक पायऱ्या ज्यांच्या गुडघ्यांना आता झेपत नाहीत, त्यांच्यासाठी ही सोय पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे.

पटाची आठवण झाली ती वाचकांच्या पत्रांमुळे. गेल्या काही महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांत एक प्रश्न पुन्हा पुन्हा येत आहे. कोणाच्या नातवाने सिद्धाचल यात्रेची छायाचित्रे पॉवरपॉइंटमध्ये लावली आहेत. कोणी सम्मेदशिखरजीच्या सत्तावीस किलोमीटरच्या वंदनेचे टप्पे स्लाइडवर मांडले आहेत. कोणा पेढीला पन्नास वर्षे झाली म्हणून घरच्या मुलांनी जुन्या छायाचित्रांचे प्रेझेंटेशन केले आहे, तर एका पाठशाळेने त्रिशलामातेच्या स्वप्नांची चित्रमाला केली आहे. हे सारे संगणकावर उत्तम दिसते. परंतु ज्यांनी ते पाहावे असे सर्वांना मनापासून वाटते, त्या आजी-आजोबांना संगणकासमोर खुर्चीत बसवत नाही. त्यांच्या समोर असतो तो पलंगापासून दहा फुटांवरचा टीव्ही आणि त्याखालचा डीव्हीडी प्लेअर. तेव्हा हे प्रेझेंटेशन डीव्हीडीवर घालून टीव्हीवर कसे दाखवावे, असा प्रश्न आहे.

यंत्राचा भाग आधी सांगतो, कारण तो फारसा कठीण नाही.

पॉवरपॉइंटची फाइल जशीच्या तशी डीव्हीडीवर उतरवून प्लेअरमध्ये घातली, तर प्लेअर ती ओळखत नाही. चकती कोरी आहे किंवा चुकीची आहे, असे काहीसे पडद्यावर लिहून तो स्वस्थ बसतो. प्लेअरला समजते ते फक्त व्हिडिओ डीव्हीडीचे ठरलेले रूप. त्यात चित्र एमपेग-२ या पद्धतीने साठविलेले असते आणि आपल्याकडील पाल पद्धतीत ते ७२० बाय ५७६ बिंदूंचे, सेकंदाला २५ चित्रांचे असते. म्हणून काम दोन टप्प्यांत होते : प्रथम स्लाइडचा व्हिडिओ करणे आणि मग त्या व्हिडिओची डीव्हीडी बर्न करणे. २०१० साली आलेल्या पॉवरपॉइंट २०१० मध्ये व्हिडिओ तयार करण्याची सोय आतच दिलेली आहे. ती डब्ल्यूएमव्ही प्रकारची फाइल देते. विंडोज ७ च्या होम प्रीमियम आणि त्यावरील आवृत्त्यांत डीव्हीडी मेकर नावाचा प्रोग्रॅम असतो, तो त्या फाइलची डीव्हीडी करून देतो. ज्यांच्याकडे २००३ किंवा २००७ ची आवृत्ती आहे, त्यांनी प्रत्येक स्लाइड चित्र म्हणून साठवावी आणि ती चित्रे मूव्ही मेकरमध्ये क्रमाने लावून त्यांचा व्हिडिओ करावा. या मार्गाने स्लाइडवरील हालचाली मात्र जातात. एकामागून एक ओळ उमटत असेल, तर एकाच स्लाइडच्या तीन स्लाइड कराव्या लागतात. पाठशाळेच्या मुलांनी स्वप्ने एकेक करून अवतरतील अशी योजना केली असेल, तर श्वेतांबर परंपरेप्रमाणे १४ आणि दिगंबर परंपरेप्रमाणे १६ स्लाइड सुट्या केल्या की काम भागते.

घरी हे जमत नसेल तर गावातील लग्नसमारंभांचे चित्रण करणारा कोणताही स्टुडिओवाला ते करून देतो. तेथे जाताना दोन गोष्टी सांभाळाव्यात. पहिली गोष्ट स्तवनाची. पॉवरपॉइंटच्या जुन्या आवृत्त्या एमपी३ गाणे आपल्या पोटात घेत नाहीत, ते संगणकावर कोठे ठेवले आहे एवढाच पत्ता लिहून ठेवतात. पेनड्राइव्हवर केवळ प्रेझेंटेशन नेले तर पत्ता जातो, गाणे घरीच राहते आणि डीव्हीडी मुकी निघते. म्हणून गाण्याची फाइल त्याच फोल्डरमध्ये ठेवून सोबत न्यावी. दुसरी गोष्ट अक्षरांची. शिवाजी, कृतिदेव, श्रीलिपी यांसारख्या फॉन्टमध्ये केलेला मजकूर, तो फॉन्ट स्टुडिओच्या संगणकावर नसेल, तर इंग्रजी अक्षरांचा अर्थहीन गोंधळ होऊन उमटतो. ‘आदिनाथ’ या शब्दाच्या जागी काय येईल याचा नेम नाही आणि स्टुडिओवाल्याने ते वाचून पाहिलेच पाहिजे असे काही नाही. स्लाइड घरूनच चित्ररूपात नेल्या की ही भीती उरत नाही. एकदा चित्र झाले की अक्षर बदलत नाही.

डीव्हीडी विकत घेताना तिच्यावर ४.७ जीबी लिहिलेले असते आणि संगणकात घातली की ४.३८ च्या आसपास दिसते. व्यापारी घरांतून याबद्दल विचारणा होणे साहजिक आहे. येथे मापात खोट नाही. बनविणारा हजाराच्या पटीत मोजतो आणि संगणक १०२४ च्या पटीत मोजतो, माल तेवढाच असतो. चांगल्या प्रतीचे सुमारे तासाभराचे चित्रण त्यात मावते आणि आपल्या कामाला तेवढे पुष्कळ आहे.

यंत्राचा भाग येथे संपला. आलेल्या पत्रांसोबत काही वाचकांनी आपल्या डीव्हीडीही पाठविल्या होत्या. त्या पाहिल्यावर जे जाणवले ते आता लिहितो, आणि माझ्या मते खरा प्रश्न तोच आहे.

या डीव्हीडींत तांत्रिक दोष फारसे नव्हते. त्या चालत होत्या. परंतु त्या पाहणाऱ्यासाठी केलेल्या नव्हत्या. पॉवरपॉइंट १९८७ साली बाजारात आले ते सभेत उभे राहून बोलणाऱ्या माणसाच्या मदतीसाठी. स्लाइडवर चार शब्द असावेत आणि उरलेले वक्त्याने सांगावे, अशी त्याची मांडणी आहे. नातू लॅपटॉप घेऊन आजीशेजारी बसतो तेव्हा तो वक्ताच असतो. “ही रामपोळ, येथे आपण थांबलो होतो, हे काका दमले आहेत बघा,” असे तो सांगतो. आजीने “थांब” म्हटले की थांबतो. डीव्हीडी झाली की नातू निघून जातो. मागे राहतात ती पाच-पाच सेकंदांनी सरकणारी चित्रे. पटाजवळचे जाणते माणूसही नाही आणि पाहणाऱ्याची स्वतःची गतीही नाही. या दोन्ही गोष्टी डीव्हीडी करतानाच तिच्यात घालाव्या लागतात, नंतर त्या येत नाहीत.

गतीचे आधी पाहू. पॉवरपॉइंट व्हिडिओ करताना आपण काही सांगितले नाही, तर प्रत्येक स्लाइडला पाच सेकंद देते. दीडशे स्लाइडची यात्रा साडेबारा मिनिटांत संपते. सत्तरी उलटलेल्या, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेल्या डोळ्यांना नव्या चित्रावर स्थिरावण्यासच दोन-तीन सेकंद लागतात, ओळी वाचणे पुढचे. उपाय साधा आहे. व्हिडिओ करण्यापूर्वी वेळेची तालीम घेण्याची सोय पॉवरपॉइंटमध्ये आहे. ती चालू करून घरातील सर्वांत वयस्क व्यक्तीला शेजारी बसवावे आणि तिने “पुढे” म्हटल्यावरच पुढची स्लाइड आणावी. प्रत्येक स्लाइडला लागलेला वेळ संगणक नोंदवून ठेवतो आणि तोच वेळ व्हिडिओत येतो. सरासरी बारा सेकंद लागले तर त्याच दीडशे स्लाइड अर्ध्या तासाच्या होतील. तरुणांना ते संथ वाटेल, वाटू द्यावे. डीव्हीडीचे प्रत्येक टुंकेनुसार वा प्रत्येक दिवसानुसार भाग पाडून दिले, तर घाई असलेल्याला रिमोटच्या एका बटणाने पुढे जाता येते.

आता दिसण्याविषयी. संगणकाच्या पडद्यावर स्लाइड काठापर्यंत दिसते. काचेच्या फुगीर पडद्याचा टीव्ही मात्र चित्राचा काठ चारही बाजूंनी आपल्या चौकटीआड झाकतो. म्हणून अनेक डीव्हीडींत वरच्या शीर्षकाची मात्रा कापलेली आणि खाली लिहिलेले गावाचे नाव अर्धे दिसते. पॉवरपॉइंटच्या २०१० पर्यंतच्या आवृत्त्यांत नेहमीची स्लाइड १० इंच रुंद आणि साडेसात इंच उंच असे. तिच्यात डावीउजवीकडे एक-एक इंच आणि वरखाली पाऊण-पाऊण इंच जागा अक्षरांविना ठेवावी. छायाचित्र तेथपर्यंत गेले तरी चालेल, मजकूर जाऊ नये.

देवनागरीची एक विशेष अडचण आहे आणि इंग्रजीतल्या मार्गदर्शक पुस्तकांत ती सापडत नाही, कारण त्यांच्या अक्षरांना शिरोरेषा नाही. फुगीर पडद्याच्या टीव्हीचे चित्र आडव्या रेघांनी बनते आणि त्या रेघा एकाच वेळी उमटत नाहीत : आधी विषम क्रमांकाच्या, मग सम क्रमांकाच्या. शिरोरेषा जर एकाच रेघेएवढी बारीक असली, तर ती एका फेरीत दिसते आणि दुसऱ्या फेरीत नाहीशी होते. शब्द लुकलुकू लागतो. संगणकावर नाजूक आणि देखणा दिसणारा फॉन्ट टीव्हीवर डोळ्यांत पाणी आणतो, तो याचमुळे. जाड वळणाचा फॉन्ट घ्यावा, अक्षर ३२ पॉइंटांहून लहान नसावे आणि एका स्लाइडवर पाच ओळींपेक्षा अधिक काही लिहू नये. ज्यांच्या घरी अजून जुना व्हीसीडी प्लेअर आहे, त्यांच्यासाठी अक्षर आणखी मोठे, चाळिसाच्या पुढचे लागेल. व्हीसीडीचे चित्र ३५२ बाय २८८ बिंदूंचे, म्हणजे उभ्या मापात डीव्हीडीच्या निम्मेच असते.

रंगांबाबत आपल्या समाजाच्या आवडीविरुद्ध लिहावे लागत आहे. पिवळ्यावर लाल आणि केशरीवर लाल हे आपल्या पत्रिकांचे आवडते रंग आहेत. कागदावर ते मंगल दिसतात. टीव्हीवर गडद लाल रंग आपल्या कडा सोडून बाजूस पसरतो आणि अक्षराची पोकळी भरून टाकतो. गडद निळ्या वा तपकिरी पार्श्वभूमीवर सायीच्या रंगाची अक्षरे हे सर्वांत सुखद. शुभ्र पांढरी पार्श्वभूमी अंधाऱ्या खोलीत दिव्यासारखी डोळ्यांवर येते.

आणि आता ते जाणते माणूस.

स्लाइडवर मजकूर वाढवून वक्त्याची उणीव भरून निघत नाही. त्यासाठी आवाज लागतो. पॉवरपॉइंटमध्ये प्रत्येक स्लाइडला बोलणे जोडता येते, साधा मायक्रोफोन त्यास पुरतो. यात्रेच्या प्रेझेंटेशनला जो यात्रेस गेला त्याचा आवाज असावा. त्यावर सतत वाजणारे स्तवन मंद करावे किंवा निवेदनाच्या वेळी पूर्ण थांबवावे. वृद्ध कानांना संगीतातून शब्द वेगळे काढणे फार जड जाते, हे आपण विसरतो. चित्रपटाच्या चालीवरील गाणी टाळावीत, असे मी सांगितले तर काहींना जुन्या वळणाचे वाटेल. परंतु विकत आणलेल्या कॅसेट-सीडीवरील गाणे आपल्या डीव्हीडीत घालून शेकडो प्रती वाटणे कायद्यासही धरून नाही, एवढे तरी लक्षात असावे. घरातील कोणी गायलेले स्तवन, सूर थोडा हलला तरी, अधिक शोभते.

पेढीच्या आणि कुटुंबाच्या जुन्या छायाचित्रांची गोष्ट मात्र उलट आहे. तेथे नातवाला काहीच ठाऊक नसते. एका वाचकांनी पाठविलेल्या डीव्हीडीत दुकानाच्या पायरीवर बसलेल्या सात जणांचे एक सुंदर छायाचित्र आहे आणि त्याखाली ‘पेढीचे संस्थापक व सहकारी’ एवढेच लिहिलेले आहे. सातांपैकी संस्थापक कोणते, डोक्यावर फेटा नसलेला तो मुलगा कोण, मागच्या फळीवर कोणत्या मालाचे नाव आहे, हे सांगू शकणारे कोणी घरात असेलच. बहुधा ती आजीच असेल. लग्न होऊन त्या घरात आली तेव्हा ती पंधरा-सोळा वर्षांची असेल आणि त्या सातही जणांना तिने ताटे वाढली असतील. अशा प्रेझेंटेशनमध्ये आजी ही प्रेक्षक नसून निवेदक आहे. म्हणून तिच्यासाठी डीव्हीडी दोनदा करावी असा माझा आग्रह आहे. पहिली कच्ची करावी, बिनआवाजाची. कोणत्याही दुपारी घरातील कामे आटोपल्यावर ती लावावी, मायक्रोफोन वा मोबाइल तिच्याजवळ ठेवून आवाज टिपून घ्यावा आणि रिमोटवरचे थांबविण्याचे बटण कोणीतरी हातात धरून बसावे. प्रश्न कमी विचारावेत. ती मारवाडीत बोलेल, गुजरातीत बोलेल, कानडी मिसळलेल्या मराठीत बोलेल, तिला शुद्ध करू नये. कोणाचा तरी व्यवहार बुडाल्याची, कोणाच्या तरी धाकट्या मुलीच्या आजारपणाची हकिगत मध्येच निघेल. तीही टिपून घ्यावी, डीव्हीडीत घालायची की नाही हे नंतर ठरवता येते. मग त्या आवाजातले वेचे निवडून पक्की डीव्हीडी करावी. हे काम दिवाळीनंतर, लग्नसराई आटोपल्यावर, वार्षिक हिशेब झाल्यावर असे पुढे ढकलले जाते. नव्वदीकडे झुकलेल्या माणसाच्या बाबतीत तेवढी वाट पाहणे योग्य नव्हे.

प्रती किती काढाव्यात? तपस्येच्या पारण्याला, दीक्षा महोत्सवाला, वास्तूच्या कार्यक्रमाला डीव्हीडी प्रभावना म्हणून वाटण्याची पद्धत पडली होती. पाचशे प्रती काढणे सोपे आणि स्वस्त आहे, हे खरे. पण त्यांपैकी किती प्लेअरपर्यंत पोहोचतात? उरलेल्या कोठे जातात? प्लास्टिकची ही चकती कुजत नाही. शिवाय तिच्या दर्शनी भागावर आणि वेष्टनावर भगवंतांची प्रतिमा छापलेली असते. ती चकती टेबलावर पालथी पडते, तिच्यावर पाण्याचा पेला ठेवला जातो, शेवटी ती कचऱ्यात जाते. लग्नपत्रिकांवर प्रतिमा छापू नयेत हा विवेक आपल्यातील अनेक घरांनी आशातनेच्या विचाराने स्वीकारला आहे. तोच विवेक डीव्हीडीला लागू व्हावा. वेष्टनावर केवळ नाव आणि तिथी असावी, आणि प्रती ज्यांनी मागितल्या त्यांनाच द्याव्यात. साधु-साध्वीजींचे चित्रण त्यांच्या परंपरेची मर्यादा विचारल्याशिवाय करू नये, आणि घरात कोणाचे सामायिक वा प्रतिक्रमण चालू असेल त्या खोलीत टीव्ही लावू नये, हे या मासिकाच्या वाचकांना सांगावे लागते असे नाही, परंतु उत्साहात राहून जाते.

परदेशातील नातलगांविषयी दोन पत्रे आहेत. लंडन, अँटवर्प वा नैरोबी येथे पाठवायची असेल तर आपली पाल डीव्हीडी तेथे चालेल. अमेरिकेत एनटीएससी पद्धत आहे, तिच्यात ४८० रेघा आणि सेकंदाला सुमारे ३० चित्रे असतात. तेथील पुष्कळ प्लेअर पाल डीव्हीडी घेत नाहीत. न्यू जर्सीच्या लेकीसाठी प्रत काढताना प्रोग्रॅममध्ये एनटीएससी निवडून वेगळी बर्न करावी. ते जमले नाही तरी पाल प्रत तेथील संगणकावर लागते.

ज्यांना एवढा खटाटोप नको आहे आणि निवेदनही करायचे नाही, त्यांच्यासाठी एक सोपी वाट आहे. बहुतेक डीव्हीडी प्लेअर साध्या सीडीवरील जेपेग चित्रे थेट दाखवितात. नव्या प्लेअरला पेनड्राइव्हची खाचही असते. स्लाइड चित्ररूपात साठवून त्यांना ००१, ००२ असे क्रमांक दिले की त्या क्रमाने दिसतात. आवाज नसतो. पण रिमोट आजीच्या हाती असतो आणि ज्या चित्रावर हवे तेथे ती हवा तितका वेळ थांबू शकते. सांगणारे कोणी शेजारी बसणार असेल, तर माझ्या मते हा मार्ग डीव्हीडीपेक्षाही चांगला.

बर्न करताना वेग कमी निवडावा आणि शेवटी चकती फायनलाइज झाली आहे याची खात्री करावी. तसे न केलेली चकती ज्या संगणकावर केली तेथेच दिसते, घरच्या प्लेअरवर नाही. तिच्यावर कागदी लेबल चिकटवू नये, त्याने फिरताना तोल जातो. सीडीसाठी मिळणाऱ्या मऊ टोकाच्या पेनाने नाव आणि तारीख लिहावी. घरी बर्न केलेली चकती छापील सिनेमाच्या चकतीइतकी टिकाऊ नसते, ऊन आणि दमट हवा तिला लवकर बाधतात. म्हणून पॉवरपॉइंटची मूळ फाइल, मूळ छायाचित्रे आणि आजींच्या आवाजाचे न कापलेले, पूर्ण ध्वनिमुद्रण यांची प्रत दोन ठिकाणी ठेवावी : एक घरी, एक पेढीवर.